गरम वाऱ्याची कैफियत

चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा पार पडली, सासनकाठ्या आपापल्या गावी परतल्या आणि वाडी रत्नागिरीच्या वाटेवरचा गुलाल वाऱ्याने उडून गेला, की कोल्हापूरच्या उन्हाला खरी धार चढते. आणि नेमक्या त्याच सुमारास शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कारखान्याच्या दाराशी एकाच फिर्यादीच्या मोटारी ओळीने उभ्या राहू लागतात. फिर्यादीचे शब्दही बहुधा ठरलेले असतात : "मेस्त्री, ए.सी. नुसती गरम हवा मारतोय, तेवढा गॅस भरून द्या." इतकी वर्षे हे वाक्य ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे, की त्याचा पूर्वार्ध ही साक्ष आहे आणि उत्तरार्ध हा निकाल आहे. साक्ष ग्राहकाने द्यावी; ती खरीच असते, कारण उकाडा त्याने स्वतः सोसलेला असतो. निकाल मात्र तपास पुरा झाल्यावाचून कोणीच देऊ नये, ग्राहकाने नाही आणि कारागिराने तर मुळीच नाही. आमच्या धंद्यातील बहुतेक नुकसान, ग्राहकाच्या पैशाचे आणि त्याहून मोठे असे हवेचे, हा क्रम उलटा केल्याने होते, असे मी पुष्कळ पाहिले असल्यामुळे ही कैफियत सविस्तर लिहून ठेवण्याचे योजिले आहे.

आमचा उन्हाळा विदर्भाच्या मानाने सौम्य. एप्रिल-मे महिन्यांत पारा अडतीस-एकोणचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि वळवाचा एखादा पाऊस येऊन त्याला खाली ओढतो. तरीही मोटारीतील थंड वारा येथे पूर्वी चैन समजला जाई, तो आता चैन उरलेला नाही, कारण साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून काचा उघड्या टाकून जाणे म्हणजे धूळ आणि पाचटाचा भुगा नाकातोंडात घेणे होय. उद्यमनगर हे तर यंत्रांचेच गाव. ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, उसाचे चरक, शेतीची ऑइल इंजिने यांच्यावर येथील पिढ्या पोसल्या, आणि एखादे यंत्र परदेशी आहे म्हणून त्याला हात लावायचा नाही ही भीती येथील कारागिरांना कधी शिवली नाही. मोटारीचे कौतुक तर या शहराच्या रक्तातच आहे. छत्रपती राजाराम महाराजांसाठी जर्मनीत बांधून घेतलेली मेबॅक मोटार आजही विजयादशमीच्या सोहळ्यास दसरा चौकात येते, आणि सीमोल्लंघनास जमलेल्या गर्दीतील कितीतरी डोळे आधी त्या गाडीकडे वळतात. ती गाडी कोल्हापुरात आली तेव्हा जगात कोठेही कारखान्यातूनच वातानुकूलित होऊन बाहेर पडणारी मोटार नव्हती. तशी व्यवस्था अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस प्रथम जाहीर केली. तिची गार हवा देणारी पेटी मागच्या सामानाच्या जागेत असे, आणि कॉम्प्रेसर इंजिनापासून सोडविण्याची कोणतीच सोय नसल्यामुळे थंडीच्या दिवसांत गाडी थांबवून, टोपण उघडून, पट्टा हातांनी काढून ठेवावा लागे.

त्या पहिल्या यंत्रात जो भाग नव्हता तोच आज आमच्या तपासातील पहिला साक्षीदार असतो. इंजिन चालू करून ए.सी.चे बटण दाबले की पुढच्या बाजूला टक् असा स्वच्छ आवाज येतो, इंजिनाची चाल क्षणभर खाली बसून पुन्हा सावरते, आणि कॉम्प्रेसरच्या कप्पीची जी बाहेरची चकती आतापर्यंत स्थिर होती ती कप्पीबरोबर फिरू लागते. हा मॅग्नेटिक क्लच. आवाज आला नाही, तर वायूचा विचार करण्याचे कारणच नाही असे नाही, पण आधी फ्यूज, रिले, प्रेशर स्विच आणि उंदरांनी कुरतडलेली तार यांची शहानिशा करावी लागते, कारण उसाच्या फडालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदरांचा उपद्रव फार.

कळंबा रस्त्यावरील शासकीय आयटीआयमधून मी बाहेर पडलो तेव्हा प्रशीतनचक्राची आकृती मला डोळे मिटून काढता येत होती, परंतु ज्या वृद्ध मेस्त्रींच्या हाताखाली मी उमेदवारी केली त्यांनी मला कित्येक दिवस गेजला हात लावू दिला नाही. "आधी पायपाला हात लाव, मग काटा बघ," हा त्यांचा जाबता होता, आणि तो मोडणाऱ्याला त्या दिवशी भांडी घासायचे काम मिळे. वैद्याने नाडी पाहावी तसे ते दोन नळ्या दोन हातांनी धरून उभे राहत आणि मग बोलत. कॉम्प्रेसरमधून निघालेली नळी चटका बसण्याइतकी तापलेली असावी. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो वायू आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप झाला की तेथून निघणारी बारीक नळी हाताला सोसेल इतकी गरम लागावी. तो द्रव ड्रायरच्या बाटलीतून गाळून, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सूक्ष्म छिद्रातून डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये शिरताच दाब एकदम उतरल्याने उकळू लागतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीतील हवेतून खेचून घेतो. म्हणून कॉम्प्रेसरकडे परतणारी जाड नळी थंडगार असावी, तिला घाम फुटलेला असावा. गारवा म्हणून काही निर्माण होत नाही, उष्णता एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी टाकली जाते, ही गोष्ट मला पुस्तकात वाचून समजली होती, पण पटली ती त्या दोन नळ्या हातात धरल्यावर.

तेव्हाचा वायू आर-१२. अमेरिकेत १९२८ साली थॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेला हा पदार्थ न जळणारा, न विषारी आणि स्वस्त असल्याने सर्व जगाने डोक्यावर घेतला. अॅम्बॅसेडरमध्ये डॅशबोर्डखाली गुडघ्यांना लागेल अशी वेगळी पेटी बसवून गारवा मिळविला जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढे तिच्या वातानुकूलित गाड्या रस्त्यावर दिसू लागल्यावर हा धंदा श्रीमंतांच्या बंगल्यांतून मध्यमवर्गाच्या अंगणात उतरला. त्या काळी दुरुस्तीपूर्वी यंत्रणेत उरलेला वायू नळीचे तोंड सैल करून हवेत सोडून देणे ही सर्वत्रची वहिवाट होती. आकाशात त्याचा काही जाब द्यावा लागतो, हे कारागिरांपर्यंत पोहोचलेच नव्हते, जरी मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच या वायूंमुळे ओझोनचा थर विरतो असे दाखविले होते. पुढे १९८७ चा माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि हळूहळू आर-१२ जाऊन आर-१३४ए आला. नवा वायू ओझोनला अपाय करीत नाही, पण तोही निर्दोष नाही. ते मला एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या गाडीने ज्या रीतीने शिकविले ती हकीकत येथे सांगितलीच पाहिजे.

गुरुजी गडहिंग्लज भागातले. जुनी, परंतु निगुतीने राखलेली छोटी गाडी. आणि तिच्यासोबत एक दप्तर. त्या दप्तरात गेल्या कित्येक उन्हाळ्यांच्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या, निरनिराळ्या दुकानांच्या, पण प्रत्येकीवरचा मजकूर जवळजवळ एकच : गॅस भरला. दर चैत्रात गॅस भरायचा, भाद्रपद-आश्विनापर्यंत गारवा पुरायचा, पुढच्या चैत्रात पुन्हा तेच. गुरुजींची तक्रार कोणाविरुद्ध नव्हती. त्यांचा प्रश्न साधा होता. "मेस्त्री, गाडीचं पेट्रोल संपतं हे मला कळतं, ते जळतं. हा गॅस तर म्हणे बंद नळ्यांत फिरतो. मग दर वर्षी संपतो कसा?"

हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारावा असे मला मनापासून वाटते. उत्तर असे, की तो संपत नाही. संपूच शकत नाही. कारखान्यात मोजून भरलेला वायू यंत्रणेत खर्च होत नाही, तो केवळ रूप पालटत फिरत राहतो. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून आणि रबरी नळ्यांच्या अंगातून फार दीर्घ मुदतीत थोडासा पाझरतो, हे खरे. पण एका वर्षात गारवा नाहीसा होण्याइतका कमी झाला, तर कोठेतरी भोक आहे, आणि ते भोक न शोधता वायू भरणे म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन तो हवेत सोडण्याचेच काम पत्करणे होय. घाई, ग्राहकाचा तगादा, कमी खर्चाची हाव, अशी अनेक कारणे त्याला दिली जातात. मी ती कारणे समजू शकतो, परंतु मान्य करू शकत नाही.

आम्ही गुरुजींच्या गाडीतील उरलेला वायू आधी यंत्राने ओढून त्याचे वजन केले. बॉनेटच्या आतील पट्टीवर कारखान्याने छापलेला आकडा ४०० ग्रॅमचा होता. निघाला तो दीडशेच्याही आत. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती न समजल्याने पुष्कळ जण फसतात. इंजिन बंद असताना गेज लावून दाब पाहिला, आणि तो नव्वद-पंचाण्णव पौंड दिसला, म्हणजे वायू पुरेसा आहे असा अर्थ होत नाही. आत द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत हा दाब केवळ त्या दिवसाच्या तापमानावर अवलंबून असतो, प्रमाणावर नाही. म्हणूनच वजन करणे हाच खरा हिशेब.

मग यंत्रणेत कोरडा नायट्रोजन भरून दाब दीडशे पौंडांवर आणून ठेवला. काही ठिकाणी या कामाला टायरच्या कॉम्प्रेसरची साधी हवा वापरतात, ती दमट असते आणि आत पाणी सोडून जाते. तसे करू नये. साबणाचे पाणी ब्रशने एकेका सांध्याला लावीत आमच्या पोराने पुढची सगळी बाजू पालथी घातली. क्लचमागे सीलपाशी काही नाही, कंडेन्सरच्या तोंडांशी काही नाही, रबरी नळ्यांच्या चिमट्यांपाशी, जेथे बहुधा तेलकट हिरवट डाग दिसतो, तेथेही नळ्या स्वच्छ कोरड्या. दरम्यान काटा मात्र दमादमाने खाली सरकत होता. अशा वेळी उरतो तो डॅशबोर्डमागचा भाग, जेथे हात पोहोचत नाही आणि ब्रशही पोहोचत नाही. पोराला मी गाडीखाली पाठविले. कूलिंग कॉइलवर जमणारे पाणी बाहेर सोडणारी एक बोटभर जाडीची रबरी नळी तेथे खाली लोंबत असते. तिच्या तोंडावर त्याने साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरला. काही वेळ तो पडदा तसाच राहिला, मग मध्यावर किंचित फुगला, आणि पाहता पाहता त्याचा बोराएवढा फुगा होऊन फुटला. पुन्हा पडदा, पुन्हा फुगा. आत नायट्रोजन सुटत होता आणि बाहेर पडायला त्याला हीच एक वाट होती. गुरुजी पायजम्याचे गुडघे जमिनीला टेकून, चष्मा सावरीत, तो फुगा पाहत राहिले.

डॅशबोर्ड उतरविणे हे कोणत्याही कारागिराच्या आवडीचे काम नव्हे. स्टिअरिंग, मीटर, रेडिओ, शेकडो चिमटे आणि तारांचे झुबके काढून, प्रत्येक स्क्रू कोठला हे ध्यानात ठेवीत, अखेर ब्लोअरची पेटी मोकळी होते; अख्खा दिवस त्यात जातो, आणि नंतर एखादा चिमटा कुरकुरू लागला तर त्याचा दोष जन्मभर आपल्या माथी. पेटी उघडली तेव्हा कॉइलच्या पाकळ्यांवर धुळीचा, वाळक्या पानांच्या चुऱ्याचा आणि जाळलेल्या पाचटाच्या काजळीचा ओलसर थर बसलेला दिसला. त्या ओलाव्यात ॲल्युमिनियम कोपऱ्याकडून झिजत गेले होते आणि तळाशी, रुपयाच्या नाण्याहून लहान अशा जागी, तेलाचा चकचकीत डाग होता. कित्येक वर्षांच्या पावत्यांचे मूळ तेवढ्या डागात होते.

कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायरची बाटली आणि सांध्यांतील सर्व रबरी कड्या नव्या घातल्या, गेलेल्या तेलाइतके तेल मोजून टाकले, पुन्हा नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला, आणि सकाळी काटा जागचा हललेला नाही अशी खातरजमा झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावला. पंपाविषयी कोल्हापूरकर कारागिरांसाठी थोडे लिहितो. मुंबईत शिकून आलेली मुले गेजवर एकोणतीस-तीस इंचांचा व्हॅक्यूम यावा असा आग्रह धरतात आणि तो आला नाही की पंप बिघडला किंवा गळती राहिली असे समजून घाबरतात. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंच. येथील हवेचाच दाब अठ्ठावीस इंचांच्या घरात असतो, तेव्हा काटा त्यापलीकडे जाणार कसा? अठ्ठाविसाजवळ येऊन तो स्थिरावला, आणि पंप बंद केल्यावर अर्धा तास तेथेच राहिला, म्हणजे काम चोख झाले. या निर्वात अवस्थेत आत राहिलेले पाणी साध्या हवेच्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. ते राहू दिले तर व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून वाट अडविते, तेलात मिसळून आम्ल बनते, आणि नवी कॉइलही आतून खायला लागते. घाईने पाच-दहा मिनिटे पंप चालवून वायू सोडणारे दुकान पुढच्या उन्हाळ्याची फिर्याद त्याच दिवशी लिहून ठेवते.

वजनकाट्यावर बाटली ठेवून ४०० ग्रॅम वायू भरला, गाडी सावलीत चालू केली आणि हवेच्या जाळीत तापमापक धरला. बाहेर तेहतीस अंश होते. काही मिनिटांत जाळीतला पारा नवावर आला. कमी दाबाचे निळे गेज तीस पौंडांच्या जवळ, जास्त दाबाचे तांबडे सव्वादोनशेच्या खाली. जाड नळीला घाम. आणि गाडीखाली त्याच रबरी नळीतून पाण्याचे थेंब पडू लागलेले. गुरुजींनी हात जाळीसमोर धरून समाधान व्यक्त केले, आणि मग त्यांनी तो प्रश्न केला ज्यासाठी मी ही सगळी हकीकत लिहिली : "मग एवढ्या वर्षांचा गॅस गेला कुठं? आणि तिथं तो करतो काय?"

मी त्यांना माहीत होते ते सांगितले. आर-१३४ए ओझोनला छेडीत नाही, पण पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशेपट समर्थ आहे. गुरुजींनी जन्मभर गणित शिकविलेले; त्यांनी खिशातले पेन काढले, एका जुन्या पावतीच्या पाठीवर ४०० ग्रॅम गुणिले १४०० असे मांडले, आणि ५६० किलो हा आकडा काढून माझ्याकडे पाहिले. एक लिटर पेट्रोल जाळले तर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, असे मी सांगितल्यावर त्यांनी भागाकार केला : दोनशे चाळीस लिटरांच्या वर. एका छोट्या गाडीत भरलेला वायू पुरा सुटून गेला, तर पाच-सहा टाक्या पेट्रोल जाळल्याएवढे ओझे हवेवर पडते, आणि त्या प्रवासात गाडी एक पाऊलही पुढे गेलेली नसते. त्यांच्या दप्तरातील बाकीच्या पावत्यांचा हिशेब त्यांनी मांडला नाही. पावतीची घडी करून ती परत दप्तरात, तारखेच्या जागी, ठेवली.

या वायूचेही दिवस आता मोजलेले आहेत. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आर-१३४ए आणि त्याच्या गोतातील वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने उतरविण्याचे ठरले असून भारताने २०४७ पर्यंतचा जाबता पत्करला आहे. युरोपातील नव्या मोटारींत तर त्याच्या जागी फार सौम्य असा दुसरा वायू आलाच आहे. परंतु आज कोल्हापूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्या आणखी कित्येक वर्षे धावतील, आणि त्यांच्या पोटातील वायू आत ठेवणे हे कोणत्याही करारापेक्षा उद्यमनगरातल्या, गांधीनगराच्या वाटेवरल्या, कागल-इचलकरंजीच्या नाक्यांवरल्या माणसांच्या हाती आहे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या भेसळीच्या बाटल्यांविषयीही येथेच सांगतो : त्यांत कधी कधी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे ज्वालाग्राही वायू मिसळलेले असतात, ते गारवा देतात, पण इंजिनाच्या तापलेल्या भागांजवळून आणि माणसांच्या नाकासमोरून ते फिरविणे हा गुन्हाच समजला पाहिजे. मी माझ्या मुलांना अशी बाटली दारातूनही आत आणू देत नाही.

आता ज्या फिर्यादींत वायूचा काही एक संबंध नसतो, त्यांच्याविषयी. महामार्गावर गार आणि ताराराणी चौकातील सिग्नलला गरम, अशी साक्ष मिळाली की मी बॉनेट उघडण्यापूर्वीच कंडेन्सरच्या पंख्याकडे पाहतो. गाडी धावताना वाऱ्याने जे काम होते ते उभ्या गाडीत त्या पंख्याने करायचे असते, आणि त्याची मोटर बसली की तांबडे गेज तीनशेच्याही पुढे पळते. हंगामाच्या अखेरीस तर कंडेन्सरच्या पाकळ्यांत उसाच्या चिपाडाची लव आणि चिखल यांचा नमदाच बसतो. तो आतून बाहेर अशा दिशेने, सौम्य धारेने धुवावा, धुण्याच्या पिस्तुलाने पाकळ्या आडव्या करू नयेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेले, इशाऱ्याची पातळी जेथे ३९ आणि धोक्याची ४३. पुणे-बेंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, आणि पाणी ओसरल्यावर ज्या मोटारी दोरखंडाने ओढून आमच्याकडे आणल्या गेल्या त्यांच्या कंडेन्सरांत नदीचा गाळ वाळून घट्ट झालेला होता, क्लचचे बेअरिंग गंजले होते, ब्लोअरच्या पेटीत मातीचा वास भरला होता. त्या महिन्यात कोणाकडे मजुरीचा आकडा काढण्याचे मन झाले नाही; घर धुऊन काढणाऱ्या माणसाला गाडीच्या गारव्याची घाई नसते, तरी गाडी सुरू झाल्याचा आधार त्याला वाटतो, एवढे मी पाहिले.

सर्वांत अधिक फसविणारी फिर्याद कोकणच्या वाटेवरची. एक कुटुंब दर सुट्टीत गगनबावड्याच्या घाटाने मालवणला जाई. कोल्हापुरात थंडी वाजेल इतका गारवा, आणि घाट उतरून तासभर गेला की सर्व खेळ खलास. दोन ठिकाणी त्यांना कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला होता. मी त्या बाईंना, कारण गाडी त्या चालवीत, एकच विचारले : "ताई, वारा तेवढाच येतो आणि गरम येतो, की वाराच कमी होत जातो?" त्या जराही न थांबता म्हणाल्या, "वाराच कमी होतो. आणि गाडी थांबवून चहा घेतला की परत छान." निदान त्या एका उत्तरात होते. कॉइल फार थंड झाली की तिच्याजवळ बसविलेला तापमानाचा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो. तो आपल्या जागेवरून निसटला होता, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नव्हता, आणि कोकणच्या दमट हवेतील बाष्प कॉइलवर बर्फ होऊन साचत होते. देशावरच्या कोरड्या हवेत तेवढे बाष्प नव्हते, तोवर हा दोष उघडकीस येण्याचे कारण नव्हते. सेन्सर जागेवर बसवून दिला, खर्च नाममात्र.

गुरुजींच्या गाडीनंतर आमच्या पावतीचा नमुना मी बदलला. पूर्वी तीवर वायूची किंमत आणि मजुरी एवढेच असे. आता तीन रकाने आहेत : यंत्रणेतून किती ग्रॅम निघाला, गळती कोठे सापडली, किती ग्रॅम भरला. गळती सापडली नाही, तर तसे स्पष्ट लिहितो आणि वायू भरण्यास नकार देतो, मग ग्राहक शेजारच्या दुकानात गेला तरी जाऊ देतो. धंद्यातील काही स्नेह्यांना हे रुचले नाही. ग्राहक पावती वाचत नाही, तो फक्त खालचा आकडा पाहतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु ही पावती मी ग्राहकासाठी लिहीतच नाही; ती पुढच्या कारागिरासाठी आहे. गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून एका अपरिचित कारागिराचा फोन आला. आमच्याकडून गेलेली एक गाडी त्याच्या दारात उभी होती, पावती काचेपुढच्या खणात त्याला सापडली होती, आणि तिच्यावरच्या ३८० ग्रॅमांपैकी त्याने ओढून पाहता ३७५ निघाले होते. "म्हणजे गळती नाही, मेस्त्री," तो म्हणाला, "मग हवा गरम का?" हीटरचा व्हॉल्व्ह पाहा, मी म्हटले, इंजिनाचे गरम पाणी आत जात असेल. फोन तसाच चालू ठेवून त्याने बॉनेटमधल्या त्या नळीवर हात ठेवला, आणि लगेच म्हणाला, "तापलीय."